आत्याचा अपठित उतारा

आत्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बावीस वर्षं बसत होती. जिन्याखालची एवढीशी खोली, एक खुर्ची, भिंतीवर वॉर्डांच्या नंबरांचा तक्ता आणि समोर चाळीस दिवे. दिवा लुकलुकला की बटण दाबायचं, "इस्पितळ, बोला" म्हणायचं आणि लाइन हवी तिथे जोडून द्यायची. तक्त्याकडे बघायची गरज तिला कधीच उरली नव्हती. पलीकडचं माणूस बोलायला लागायच्या आधी जो श्वास घेतं, त्यावरून तिला कळायचं, बाळंतीण वॉर्डाला जोडायचं की अपघात विभागाला. खरं तर ती फक्त मुंगीची आत्या, म्हणजे तिच्या भावाच्या मुलीची. पण घरात दादा-वहिनींपासून इस्पितळातल्या वॉचमनपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत, आणि तिलाही आता दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली तर मागे वळून बघावंसं वाटत नसे.

एके दिवशी हेडक्लार्क खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत जागा नव्हतीच.

"आत्या, उन्हाळ्यानंतर बोर्ड जाणार. यंत्र बसणार आहे. चौकशीसाठी एक दाबा, वॉर्डासाठी दोन दाबा."

"आणि ज्याला काय दाबायचं ते कळत नाही त्याने?"

"त्याने काय करायचं ते यंत्रवाल्यांना विचारू," हेडक्लार्क म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "रेकॉर्ड खोलीत एक जागा होतेय. मी तुमचंच नाव घातलंय. पण शाळेचं सर्टिफिकेट लागेल हो."

इथेच घोडं पेंड खात होतं. आत्या बाकी सगळ्या विषयांत पास झाली होती, एक इंग्रजी सोडून. आणि इंग्रजी तिला येत नव्हतं असंही नाही; बोर्डावर दिवसाकाठी ती पन्नास वेळा इंग्रजी बोलायची. त्या वेळी घात केला होता तो अपठित उताऱ्याने. कधीही न वाचलेला परिच्छेद समोर ठेवायचा आणि त्यावर भाष्य लिहायचं, असा तो प्रश्न. त्या वर्षीच्या उताऱ्यात एक बोट होती. आत्या त्या बोटीत बसली आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत घंटा झाली. उत्तरपत्रिकेवर फक्त तिचा बैठक क्रमांक होता.

"या वेळी बोटीत बसायचं नाही," मुंगीने ठणकावून सांगितलं.

मुंगी सतरा वर्षांची. लहानपणापासून काही ना काही गोळा करत फिरायची, म्हणून ते नाव पडलेलं. आता ती गुण गोळा करत होती. त्याच वर्षी तीही त्याच परीक्षेला बसणार होती, ती शाळेतून आणि आत्या बाहेरून. रोज सकाळी आत्याची ड्यूटी सुरू होण्याआधी तासभर दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत. वहिनी ओट्याशी उभी राहून पोळपाटाच्या आवाजातून ऐकत असे. मुंगीकडे पाच रंगांच्या पेन्सिली होत्या. लाल म्हणजे विषय. निळी म्हणजे सूर. हिरवी उपमा-रूपकांना, पिवळी शब्दांच्या निवडीला आणि जांभळी शेवटाला.

"आत्या, नियम एकच. उताऱ्यात शिरायचं नाही. बाहेर उभं राहून बघायचं."

"बाहेर उभं राहून घर कसं दिसतं ते कळेल," आत्या म्हणाली, "आत काय शिजतंय ते कसं कळणार?"

"परीक्षेत घरच विचारतात. तू आधी लाल पेन्सिल घे."

आत्याने लाल पेन्सिल घेतली. उतारा होता एका बाईचा, जी शेजारणीला नव्या पडद्यांबद्दल सांगत असते. आत्याने तो वाचला, पेन्सिल कानामागे खोचली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. दहा मिनिटांनी मुंगीने कागद ओढून घेतला. त्यावर तीनच ओळी होत्या. ही बाई दमली आहे. तिला घरात कुणी काही विचारत नाही. म्हणून ती पडद्यांबद्दल इतकं बोलते आहे.

मुंगीने त्या तीन ओळी दोनदा वाचल्या.

"पुरावा?"

"पुरावा कसला? ऐकू येतंय की."

"परीक्षकाला ऐकू येत नसतं, आत्या. त्याच्यासमोर दोनशे पेपरांचा गठ्ठा असतो. त्याला ओळ दाखवावी लागते. कुठल्या शब्दावरून तुला दमलेली वाटली? तो शब्द उचल, कागदावर ठेव, मग बोल."

आत्याने उतारा पुन्हा वाचला. ओळींवरून बोट फिरवत फिरवत ती एका जागी थांबली. "हे बघ. तीन वेळा म्हणते, 'मीच लावले.' शेजारणीने विचारलेलंसुद्धा नाही, कुणी लावले म्हणून."

"हे लिही," मुंगी म्हणाली. आणि मग जरा रागानेच, "हे मला दिसलं नव्हतं."

असे दोन महिने गेले. आत्याला उपमा आणि रूपक यांतला फरक काही केल्या लक्षात राहिला नाही; मुंगीने शेवटी नाद सोडला. पण ओळ दाखवायची, एवढं मात्र तिने पदराला गाठ मारून ठेवलं.

परीक्षा एका शाळेच्या मोठ्या सभागृहात होती. बाहेरून बसणाऱ्यांना अगदी मागे बसवलं होतं, घडी घातलेल्या खुर्च्यांच्या ढिगाजवळ. आत्याच्या एका बाजूला एक बसचालक होता, गणवेशातच आलेला, आणि दुसऱ्या बाजूला एक गरोदर बाई. मुंगी पुढे तिसऱ्या रांगेत. आत्याला तिची वेणी आणि टेबलाच्या कडेला ओळीने मांडलेल्या पाच पेन्सिली तेवढ्या दिसत होत्या. उंच तावदानांतून उजेड खाली येत होता आणि त्यात धूळ अशी तरंगत होती, जणू कुणी ती तिथे हलक्या हाताने सोडून दिली आहे. कागद उलटण्याचा आवाज सगळ्या सभागृहातून एकदमच आला आणि विरला.

आत्याने व्याकरण उरकलं. मग ती उताऱ्यावर आली.

एक माणूस एका घराच्या दाराशी उभा आहे. त्याच्या खिशात त्या घराची किल्ली आहे आणि ती परत द्यायला तो आलाय. घरातली बाई दार उघडते, म्हणते, या, बसा. तो म्हणतो, घाईत आहे. आणि बसतो. टेबलाच्या अर्ध्या भागावर जुना पेपर अंथरलेला आहे. ती चमचे पुसत बसली होती. ती विचारते, इतक्या लांबून चालत आलात? तो म्हणतो, हो. पुलावरून की खालच्या वाटेने? पुलावरून. पुलाची डागडुजी झाली का? चाललीय. तिकडच्या घरात ओल येते का हो अजून? येते. तो खिशात हात घालतो आणि रिकामाच बाहेर काढतो. मागच्या झाडाला या वर्षी पेरू आले आहेत, ती सांगते. मग विचारते, तुम्हाला आठवतं का, ते झाड लावलं तेव्हा केवढं होतं? आणि उतारा तिथेच संपतो. खाली प्रश्न होता: या उताऱ्यावर भाष्य लिहा. दोघांमधलं नातं लेखकाने कसं उभं केलं आहे, याकडे विशेष लक्ष द्या.

आत्याने ठरवलं होतं, बाहेर उभं राहायचं. पण दार उघडंच होतं. ती आत गेली आणि तिसऱ्या खुर्चीवर बसली, तिथे तिला कुणी बस म्हटलं नाही आणि ऊठही म्हटलं नाही. चमच्यांवर ऊन पडलं होतं. बाईचे हात पुसायचे थांबले होते, पण फडकं हातातच होतं. माणसाच्या बुटांना पुलावरची ओली माती लागली होती. दोघं बोलत होती आणि मध्ये मध्ये थांबत होती. आत्या त्या थांबण्याकडे कान देऊन बसली. असं थांबणं तिच्या ओळखीचं होतं. कुठून ओळखीचं, ते आठवायला तिला जरा मागे जावं लागलं.

रोज सकाळी सव्वाआठला बोर्डावर एक दिवा लागायचा. पलीकडच्या गावातल्या इस्पितळाची थेट लाइन होती ती, आणि तिथला ऑपरेटर ती रोज तपासायचा.

"लाइन तपासतोय. ऐकू येतंय?"

"येतंय."

"ठीक."

एवढंच. नऊ वर्षं एवढंच. त्याला तिने कधी पाहिलं नाही, नाव विचारलं नाही. त्याला सर्दी झाली की तिला कळायचं, आणि ती दोन दिवस रजेवर जाऊन आली की तो "ठीक" जरा लांबवून म्हणायचा. मग एक दिवस तो म्हणाला, "ऐकू येतंय?" ती म्हणाली, "येतंय." तो म्हणाला, "स्वच्छ?"

"स्वच्छ."

"तिकडे ऊन आहे का आज?"

"मी जिन्याखाली बसते. मला कसं कळणार?"

तो हसला. "बाहेरून येणारं कुणी सांगत असेल ना?"

"सांगतात कधी कधी."

"आज काय म्हणाले?"

बोर्डावर चार दिवे लुकलुकत होते. "आज अजून कुणी आलं नाही," असं म्हणून तिने लाइन सोडली. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला दिवा लागला तेव्हा पलीकडे एका तरुण मुलीचा आवाज होता. लाइन तपासतेय, ऐकू येतंय का? आत्या म्हणाली, येतंय. आणि मग दिवसभर तिच्या डोक्यात एकच घोळत राहिलं, की नऊ वर्षांत एकाच प्रश्नावर भागवणाऱ्या माणसाने काल इतके प्रश्न का विचारले.

"बाई, पाणी हवंय का?"

पर्यवेक्षिका टेबलाशी वाकून उभी होती. आत्याने वर पाहिलं. तावदानांतला उजेड आता भिंतीवर चढला होता.

"किती वेळ राहिला?"

"चाळीस मिनिटं," पर्यवेक्षिका हलकेच म्हणाली. "तुम्ही बराच वेळ काही लिहीत नाही आहात, म्हणून विचारलं."

पुन्हा तेच, पुन्हा बोट. क्षणभर तिला वाटलं, उठावं आणि सरळ घरी जावं. रेकॉर्ड खोलीत कुणीतरी दुसरं बसेल. मग तिला मुंगीचं बोलणं आठवलं. शब्द उचल, कागदावर ठेव, मग बोल. तिने उताऱ्यावर बोट ठेवलं आणि बाईची वाक्यं मोजली. माणसाची मोजली. आणि साध्यासुध्या इंग्रजीत, जसं ती बोर्डावर बोलायची तसंच, लिहायला सुरुवात केली.

तिने लिहिलं की या उताऱ्यात बाई जे काही बोलते ते जवळजवळ सगळे प्रश्नच आहेत, आणि माणूस एकही प्रश्न विचारत नाही. त्याची उत्तरं एकेका शब्दाची आहेत. वरवर पाहता त्याला बोलायचं नाही असं वाटतं. पण 'घाईत आहे' म्हणाल्यावर लगेच पुढचं वाक्य 'आणि बसतो' असं आहे, आणि लेखकाने दोन्हींच्या मध्ये काहीच ठेवलेलं नाही. नको म्हणायलासुद्धा त्याला वेळ दिलेला नाही. पुढे तिने लिहिलं की ज्याला 'थांब' म्हणता येत नाही तो प्रश्न विचारतो, कारण प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं आणि उत्तर देईपर्यंत तरी माणूस जात नाही. ही बाई पुलाबद्दल विचारते, पण तिला पुलाशी काही देणंघेणं नाही. ओलीबद्दलचा प्रश्न तिला सगळ्यांत जवळचा आहे, कारण त्यात 'अजून' हा शब्द आहे. म्हणजे ती त्या घरात कधीतरी गेली आहे. आणि शेवटचा प्रश्न हा पहिलाच असा, की ज्याला एका शब्दाचं उत्तर पुरणार नाही.

मग ती थांबली. माणूस काय उत्तर देईल? मुंगीने बजावलं होतं, काही झालं तरी 'मला माहीत नाही' असं लिहायचं नाही. आत्याने पेनाचं टोक कागदावर टेकवून ठेवलं. तिथे शाईचा एक ठिपका वाढत गेला. शेवटी तिने लिहिलं: त्याने काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. उतारा इथे कापला आहे. पण प्रश्न विचारून झाल्यावर बाईला ते ऐकावंच लागेल, आणि इथवर आपणही तिच्याबरोबर ऐकत आलो आहोत.

घंटा झाली तेव्हा तिचं पत्रलेखन अर्धं राहिलं होतं. पत्र 'महोदय' पाशीच होतं म्हटलं तरी चालेल.

मुंगी फाटकाबाहेर कठड्यावर बसली होती. पेन्सिली हातात घट्ट धरलेल्या. आत्या शेजारी बसल्याबरोबर तिने प्रश्नपत्रिका उघडून दाखवली. उताऱ्यातली एकही ओळ पांढरी उरली नव्हती.

"किल्ली म्हणजे आठवणींचं प्रतीक लिहिलं. झाड म्हणजे काळ. पेपर म्हणजे बाहेरचं जग. चार पानं लिहिली."

"छान लिहिलंस की."

"नाही ना." मुंगीने प्रश्नपत्रिका मिटली. "सगळं लिहून झाल्यावर, शेवटच्या पाच मिनिटांत, मी तो नुसता वाचला. तेव्हा मला कळलं की त्यात एक बाई आहे. मी तिच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही, आत्या. चमच्यांबद्दल लिहिलं."

ती रडायला लागली, तशी आत्याने तिला जवळ घेतलं. बसची वाट बघणारी मुलं त्यांच्याकडे बघत होती आणि आपसात उत्तरं ताडून बघत होती. जरा वेळाने मुंगीने नाक पुसलं.

"तू काय लिहिलंस?"

आत्याने सांगितलं. मुंगी ऐकत राहिली.

"तू कसं ओळखलंस पण? ते प्रश्नांचं?"

आणि मग आत्याने, कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते, सव्वाआठच्या दिव्याबद्दल सांगितलं. फार काही नव्हतंच सांगण्यासारखं. बसला दोन थांबे जायला लागतो तेवढ्याच वेळाचं ते होतं.

"मग तू शोधलं नाहीस त्याला?"

"नाव माहीत नव्हतं."

"त्या इस्पितळाचा नंबर होता की."

"होता," आत्या म्हणाली.

त्या आठवड्यात एका दुपारी, बोर्ड शांत असताना, तिने तो नंबर फिरवला. पलीकडे यंत्र होतं. चौकशीसाठी एक दाबा, वॉर्डासाठी दोन दाबा. आत्याने ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं, नवापर्यंत. मग ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तेव्हा तिने लाइन सोडली. तिला वाईट वाटलं, पण वाटेल असं वाटलं होतं तेवढं नाही.

निकाल लागला. आत्याला इंग्रजीत शंभरपैकी एकावन्न. पत्राने मारलं होतं, पण उताऱ्याने तारलं होतं: पंचवीसपैकी एकोणीस. मुंगीला एकूण ब्याऐंशी आणि उताऱ्यात पंधरा. मुंगी एक दिवस फुगून बसली. दादा म्हणाले, "जिची शिकवणी तिच्यावरच बाजी." वहिनी म्हणाली, "मला कुणी विचाराल तर दोघींनी मिळून एकच पेपर लिहायला हवा होता." दुसऱ्या दिवशी मुंगीने आत्याच्या गुणपत्रिकेला स्वतःच्या हाताने प्लास्टिकचं आवरण घातलं आणि हेडक्लार्कांकडे द्यायला दिली.

रेकॉर्ड खोली लांबलचक होती. दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोखंडी कपाटं, मध्ये एक टेबल आणि लोकांशी बोलायला एक छोटी खिडकी. इथे आवाज नव्हते. पहिले काही दिवस आत्याला कानावर काहीतरी नसल्यासारखं होत राहिलं. हात उगाच हेडफोन नीट करायला वर जायचा. कागद मात्र बोलतात हे तिला हळूहळू कळलं. कुठल्या डॉक्टरने घाईत लिहिलंय, कोणी लिहिता लिहिता थांबून पुन्हा पेन उचललंय, हे शाईवरून दिसायचं.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले. त्यांच्या बायकोचे जुने कागद कुठल्याशा कामाला हवे होते. आत्याने नाव लिहून घेतलं, तिसऱ्या कपाटातून फाइल काढली, प्रत केली, शिक्का मारला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. तिने पाकीट पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, खिशात ठेवलं, आणि ते तिथेच उभे राहिले.

"एवढे कागद तुम्ही लावून कसे ठेवता हो?"

"वर्षाप्रमाणे. मग आडनावाप्रमाणे."

"आणि एकाच आडनावाची दोन माणसं निघाली तर?"

मागे हेडक्लार्क घड्याळाकडे बघत होते. जेवणाची सुट्टी व्हायची वेळ झाली होती. आत्याने पेन खाली ठेवलं आणि खुर्ची खिडकीजवळ ओढून घेतली.

"मग मजा होते," ती म्हणाली. "एकदा काय झालं, सांगते."

आणि तिने सांगितलं. मग त्यांनी विचारलं, ही कपाटं किती जुनी आहेत. मग विचारलं, उंदीर लागत नाहीत का. मग बाहेरचा पाऊस थांबला असेल का, असं विचारलं. आत्याने एकेका प्रश्नाला नीट, सावकाश उत्तर दिलं. जिथे एका शब्दात भागलं असतं तिथे चार वाक्यं वापरली. हेडक्लार्क डबा उचलून निघून गेले. मग त्या गृहस्थांनी फाइलकडे बोट केलं आणि विचारलं, "तिच्या कागदांत कुठे तिची सही आहे का?"

आत्याने फाइल पुन्हा उघडली. सातव्या पानावर सही होती, थोडी तिरपी, शेवटचं अक्षर खाली ओढलेलं. तिने पान खिडकीतून त्यांच्यासमोर धरलं आणि त्यांचं बघून होईपर्यंत तसंच धरून ठेवलं. त्या दिवशी तिला जेवायला अडीच वाजले.